वजन जास्त आहे आणि घोटा मोडलाय: ऑपरेशनच्या आधीपासून पाय टेकेपर्यंत काय काय बघायचं

घोटा मोडला की पहिले दोन दिवस पेशंट आणि घरचे दोघंही गोंधळलेले असतात, त्यात पेशंटचं वजन जास्त असेल तर भेटायला येणारा प्रत्येक जण वजनावरच बोलून जातो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हाडांच्या वॉर्डात काम करते, आणि हे बोलणं ऐकून पेशंट इतका खजील होतो की जे प्रश्न विचारायला हवेत तेच विचारायचे राहून जातात. म्हणून हा लेख. यातलं काहीच माहीत नाही असं धरून लिहितेय, त्यामुळे जरा लांब होईल, पण एक एक पायरी घेत जाऊ.

सुरुवातीलाच सांगते, वजन जास्त आहे म्हणून घोट्याचं ऑपरेशन होत नाही असं नसतं. होतं, आणि बहुतेकांचं चांगलंही होतं. फक्त धोके थोडे वाढतात, आणि ते वाढतात म्हणून प्लॅन वेगळा करावा लागतो. मोडलेल्या पायाने आठवड्याभरात वजन कमी होणार नाहीये, तेव्हा तो विषय सध्या बाजूला ठेवा. या आठवड्यात बदलता येतील अशा बऱ्याच गोष्टी आहेत, जोर त्यांच्यावर लावायचा.

पायरी १: आधी खरे आकडे लिहून काढा

वजन आणि उंची, दोन्ही. अंदाजे नको, आणि लाजून पाच किलो कमीही सांगू नका, कारण अँटिबायोटिक, रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, भूल यातलं बरंच काही वजन बघून ठरतं. उभं राहता येत नसेल तर हॉस्पिटलात वजन करणारी खाट किंवा खुर्ची आहे का विचारा. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १६५ सेंटीमीटर आणि वजन ९५ किलो असेल तर १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२, आणि ९५ भागिले २.७२ म्हणजे जवळपास ३५. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ३० च्या पुढे लठ्ठपणा, ३५ च्या पुढे दुसरा टप्पा, ४० च्या पुढे तिसरा. आशियाई लोकांमध्ये डायबेटिससारखे त्रास कमी बीएमआयलाच सुरू होतात म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे आकडे सावध व्हायचे मानतात.

पण बीएमआय सगळं सांगत नाही हेही लक्षात ठेवा. बीएमआय ३८ असलेला, साखर नॉर्मल असलेला, स्मोकिंग न करणारा माणूस आणि बीएमआय ३१ असलेला, पण पंधरा वर्षांचा डायबेटिस आणि पायाला मुंग्या-बधिरपणा असलेला माणूस, या दोघांत मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटते.

पायरी २: वजनाचा घोट्याशी संबंध नेमका कुठे येतो ते समजून घ्या

हे समजलं की डॉक्टर जे सांगतात त्यातलं निम्मं आपोआप कळतं. घोट्यात तीन हाडं भेटतात. नडगीचं जाड हाड (टिबिया), बाहेरच्या बाजूचं बारीक हाड (फिब्युला) आणि खाली पायाचं टॅलस. वरची दोन हाडं मिळून एक खाच बनवतात आणि टॅलस त्या खाचेत बसतं, सुताराने खाचेत घट्ट खुंटी बसवावी तसं. ही खाच जरा जरी रुंद झाली तरी खुंटी हलायला लागते. १९७६ सालच्या एका प्रयोगात दिसलं होतं की टॅलस बाहेरच्या बाजूला फक्त १ मिलिमीटर सरकलं तर हाडाला हाड टेकण्याची जागा ४२ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे तेवढाच भार छोट्या जागेवर येतो आणि कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) लवकर झिजते. आता यात वजन धरा. चालताना घोट्यावर शरीराच्या वजनाच्या चार ते पाच पट भार येतो. ९५ किलोच्या माणसाला पावलागणिक ४०० किलोच्या आसपास. म्हणून बारीक माणसाला कदाचित चालून जाईल असा थोडासा वाकडेपणा जड माणसाला महागात पडू शकतो, आणि म्हणूनच हाड "जवळपास जुळलंय" एवढ्यावर समाधान मानायचं नाही.

दुसरं म्हणजे फ्रॅक्चरच जास्त वाईट असू शकतं. पाऊल जमिनीवर अडकतं आणि शरीर त्यावर फिरतं तेव्हा घोटा मोडतो, फिरणारं शरीर जड असेल तर पीळही जोराचा बसतो. लठ्ठ पेशंटमध्ये हाड सरकलेलं असणं, दोन-तीन ठिकाणी मोडणं, दोन हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट फाटणं हे जास्त बघायला मिळतं. लोकांना वाटतं की जाड माणसाची हाडं मजबूत असतात. कंबरेच्या हाडाबाबत ते थोडंफार खरं असेलही, पण घोट्याचं तसं नाही. २०११ साली आलेल्या ग्लो नावाच्या मोठ्या अभ्यासात पाळी बंद झालेल्या लठ्ठ बायकांमध्ये घोट्याचं फ्रॅक्चर उलट जास्त दिसलं होतं.

तिसरं, जुळवलेलं हाड परत सरकणं. १९९५ मध्ये फिनलंडमधून एक पेपर आला होता, त्यात जास्त वजनाचा आणि जुळवलेलं फ्रॅक्चर हलण्याचा संबंध दाखवला होता, आणि वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका, की घोट्यावर चरबीचा थर जाड असतो म्हणून ऑपरेशन अवघड. बहुतेक लोकांमध्ये घोट्यापाशी चरबी तशी कमीच असते, हाड हाताला लागतं. खरी अडचण असते ती तिथल्या कातडीची, जुन्या सुजेची, शिरांच्या त्रासाने काळपट तपकिरी आणि कडक झालेल्या भागाची, आणि नंतर सहा आठवडे एका पायावर शरीर तोलायची.

पायरी ३: पहिले काही तास

पाऊल वाकडं दिसत असेल, बोटं गार किंवा पांढरी पडली असतील, हाड बाहेर आलं असेल किंवा कातडी इतकी ताणलीय की आता फाटेल असं वाटत असेल तर लगेच इमर्जन्सीत जा, यात थांबायचं काही कारण नाही. सरकलेला सांधा डॉक्टर भूल किंवा गुंगी देऊन तिथल्या तिथे ओढून जागेवर आणतात आणि स्लॅब (एका बाजूने घातलेलं अर्धं प्लास्टर) घालतात, हे ऑपरेशनच्या तारखेपेक्षा तातडीचं असतं कारण आतून हाड कातडीला दाबत असतं. पाय सुजलेला असेल तर नाडी बोटाला लागत नाही, मग डॉपलर (रक्ताचा प्रवाह आवाजावरून ओळखणारं यंत्र) लावून बघतात, ते बघितलंय का एवढं विचारून घ्या. घरी असाल तर पाय छातीपेक्षा वर, बर्फ कपड्यात गुंडाळून, पायावर भार अजिबात नाही, आणि मालिश तर अजिबातच नाही. ऑपरेशन लागेलसं वाटत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही खाऊ-पिऊ नका.

पायरी ४: ऑपरेशन लागणार का हे नीट विचारा

प्रत्येक मोडलेल्या घोट्याला प्लेट (हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी) लागत नाही. फक्त बाहेरचं हाड मोडलंय, आतल्या बाजूचं लिगामेंट शाबूत आहे आणि टॅलस खाचेत नीट बसलंय, तर त्याला स्टेबल म्हणतात, आणि ते वजन कितीही असलं तरी बहुतेक वेळा पट्ट्यांचा आधाराचा बूट किंवा प्लास्टरवर बरं होतं. शंका असेल तर आठवड्याभराने उभं राहून, म्हणजे पायावर भार देऊन, एक्सरे काढतात. खाच रुंद झालेली नसेल तर चांगली बातमी.

डॉक्टर वेबर ए, बी, सी असं काहीतरी म्हणतील. फिब्युला कुठल्या उंचीवर मोडलंय त्यावरून ही नावं आहेत. ए म्हणजे सांध्याच्या खाली, बी म्हणजे सांध्याच्या पातळीला, सी म्हणजे वर. सी मध्ये दोन हाडांमधलं बंधन फाटलेलं असण्याची शक्यता जास्त आणि ऑपरेशनचीही.

अनस्टेबल फ्रॅक्चर असेल तर "वजन जास्त आहे, ऑपरेशनला रिस्क आहे, प्लास्टरच घालू" असं कुणी म्हणेल. यावर माझं मत स्पष्ट आहे, प्लास्टरलाही रिस्क आहे आणि जड पायात ती जास्त आहे. पोटरी जाड आणि घोटा बारीक असा वरून खाली निमुळता पाय असला की प्लास्टर खाली घसरतं, सूज उतरली की आत पोकळी होते, आतली मऊ गादी जाड असल्याने प्लास्टरचा दाब हाडापर्यंत पोचत नाही आणि हाड हळूच सरकतं. ब्रिटनमध्ये २०१६ साली एक मोठा अभ्यास आला होता, ६० वर्षांवरच्या लोकांमध्ये ऑपरेशन आणि खास पद्धतीने अगदी चपखल घातलेलं प्लास्टर यांची तुलना, त्यात सहा महिन्यांनी चालणं-फिरणं दोन्हीकडे सारखंच होतं, पण प्लास्टरवाल्यांमध्ये हाड वाकडं जुळण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे प्लास्टर हा वाईट मार्ग नाही, पण तो निवडला तर पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला एक्सरे काढायचाच, "पुढच्या महिन्यात या" यावर थांबू नका.

पायरी ५: कातडी तयार व्हायची वाट बघा

इथे नातेवाईक सगळ्यात जास्त अस्वस्थ होतात. "आठवडा झाला, नुसतं झोपवून ठेवलंय." अहो, बऱ्याचदा तेच बरोबर असतं. घोट्याला कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नाहीच, सुजलेल्या कातडीवर चिरा दिला तर टाके ताणतात, जखमेच्या कडा काळ्या पडतात, आणि एकदा का प्लेट उघडी पडली की मग महिनोन्महिने ड्रेसिंग. पहिल्या एक-दोन दिवसांत पाण्याचे किंवा रक्ताचे फोडही येतात, ते घरी फोडायचे नाहीत. सूज उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या की सर्जन तारीख देतात, साधारण सात ते चौदा दिवस जाऊ शकतात. लठ्ठ माणसाच्या पायाला आधीपासूनच सूज असेल तर ती उतरायला आणखी वेळ लागतो, म्हणून पाय वर ठेवणं हे इथे औषधाइतकंच महत्त्वाचं. वर म्हणजे छातीच्या वर, खुर्चीसमोरच्या स्टुलावर नव्हे. टाचेखाली नुसती हवा राहील अशी उशी पोटरीखाली लावा, नाहीतर टाचेला दाबाची जखम होते, आणि जड पायाला ती फार लवकर होते.

स्लॅबमध्ये सांधा टिकतच नसेल तर तात्पुरत्या बाहेरून सळया लावतात, त्याला एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात. बघायला भीती वाटते पण कातडीला श्वास घ्यायला जागा मिळते.

पायरी ६: वाट बघायच्या दिवसांत साखर, व्हिटॅमिन, गोळ्या

एचबीएवनसी ही साखरेची रक्ततपासणी करून घ्या, डायबेटिस नाही असं वाटत असलं तरी. लठ्ठ लोकांमध्ये कितीतरी जणांना डायबेटिस असल्याचं फ्रॅक्चरच्या निमित्ताने पहिल्यांदा कळतं. हा आकडा तीन महिन्यांची सरासरी सांगतो त्यामुळे आठवड्यात तो बदलणार नाही, पण रोजची साखर आटोक्यात आणता येते आणि जखमेला त्याचा फायदा होतो. डायबेटिस असेल तर तळपायाला जाणीव आहे का हे १० ग्रॅमच्या नायलॉनच्या बारीक धाग्याने तपासतात, दोन मिनिटांचं काम आहे, दुसऱ्या चांगल्या पायावर करून घ्या. जाणीव गेलेली असेल तर ऑपरेशनची पद्धत आणि पाय न टेकायचे आठवडे दोन्ही बदलतात, सर्जनला हे आधी माहीत असायलाच हवं.

व्हिटॅमिन डी चरबीत साठून राहतं, त्यामुळे रक्तात कमी निघणं लठ्ठ लोकांत खूप कॉमन आहे, तपासून घ्या. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) पण बघा. जाड माणूस म्हणजे पोषण भरपूर असं नसतं, प्रोटीन कमी पडलेलं असू शकतं आणि जखम भरायला तेच लागतं. म्हणून या काळात उपवास, एकदम खाणं तोडणं, नुसत्या ज्यूसवर राहणं असले प्रकार करू नका प्लीज. प्रोटीन किती हे डाएटिशियनला विचारा.

औषधांची पूर्ण यादी कागदावर लिहा. त्यात दोन गोष्टी विशेष करून सांगायच्या. डायबेटिसच्या ज्या गोळ्यांची नावं "फ्लोझिन" ने संपतात (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) त्या साधारण तीन दिवस आधी बंद करतात, नाहीतर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात ॲसिड वाढू शकतं. आणि वजन किंवा साखरेसाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर पोट उशिरा रिकामं होतं, म्हणजे उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं, हे भूलतज्ज्ञाला माहीत नसेल तर धोका आहे. स्वतःहून काही बंद करू नका, पण सांगा, नाव घेऊन सांगा. स्मोकिंग आजपासून बंद, यावर जास्त लिहीत नाही.

पायरी ७: भूलतज्ज्ञाशी वेगळं बोलून घ्या

लोक सर्जनला दहा प्रश्न विचारतात आणि भूलतज्ज्ञाला एकही नाही. जास्त वजनाच्या पेशंटच्या बाबतीत मला हे उलट व्हावंसं वाटतं. रात्री मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास थांबतो असं कुणी सांगितलंय का, दिवसा पेंग येते का, बीपी आहे का, मानेचा घेर किती, हे ते विचारतील, कारण स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा त्रास) असेल आणि तो माहीत नसेल तर ऑपरेशननंतरच्या रात्री मॉर्फिनसारख्या दुखण्याच्या औषधांनी श्वास मंदावू शकतो. त्यासाठी झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅपचं मशीन वापरत असाल तर ते हॉस्पिटलात बरोबर न्या, घरी ठेवून येऊ नका.

घोट्याचं ऑपरेशन बऱ्याचदा कमरेत इंजेक्शन देऊन होतं. पाठीवर चरबी जास्त असली की मणके हाताला लागत नाहीत, दोन-तीन प्रयत्न लागू शकतात, सोनोग्राफी लावून जागा शोधता येते. गुडघ्यामागे नसेचा ब्लॉक देता येतो का तेही विचारा, त्याने नंतरच्या पहिल्या रात्रीचं दुखणं खूप कमी होतं आणि गुंगीची औषधं कमी लागतात. फक्त पाय बधिर असताना तो कुठे दाबला जातोय ते कळत नाही, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवायचं.

पायरी ८: ऑपरेशन थिएटरमध्ये काय वेगळं होतं

हे सगळं तुम्ही ठरवणार नाही, पण विचारलंत तर उत्तर मिळायला हवं. चिरा देण्याच्या आधीच्या तासाभरात अँटिबायोटिक देतात, सेफॅझोलिन वापरत असतील तर नेहमीचा डोस २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा त्यावर असेल तर ३ ग्रॅम. ऑपरेशनचं टेबल किती किलोपर्यंत चालतं हे स्टाफने आधी बघितलेलं असावं. मांडी निमुळती असली की रक्त थांबवायचा पट्टा घसरतो, मग रुंद पट्टा किंवा पोटरीला पट्टा लावतात. घोट्याच्या मागचा तुकडा बसवायचा असेल तर पालथं झोपवावं लागतं, आणि पोट दाबलं जाऊन श्वासाला त्रास होतो म्हणून काही सर्जन एका कुशीवर झोपवून करतात.

आता मेन गोष्ट, पकड. साध्या पेशंटला फिब्युलावर एक पातळ प्लेट आणि काही स्क्रू पुरतात. जड पेशंटला, त्यातून हाड ठिसूळ किंवा पायाची जाणीव कमी असेल तर, सर्जन जाड किंवा लॉकिंग प्लेट (जिच्यात स्क्रू घट्ट अडकून बसतात) घेतात, फिब्युलातून टिबियात जाणारे जास्तीचे लांब स्क्रू टाकतात म्हणजे दोन्ही हाडं एकमेकांना धरून ठेवतात. कातडी खराब असेल तर फिब्युलाच्या पोकळीतून बारीक रॉड टाकायचा पर्याय असतो, त्याला चिरा छोटा लागतो, जखमेचा त्रास कमी. आणि फारच वाईट परिस्थितीत, जाणीव नाही, कातडी नाही, एका पायावर उभं राहता येणारच नाही, तर टाचेतून वर नडगीत मोठा रॉड घालून सांधाच बांधून टाकतात. यात घोटा हलत नाही, पण माणूस लवकर उभा राहतो.

सर्जनला विचारायचा माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न: "माझ्या चुकून दोन पावलं टेकली गेली तर हे टिकेल का?" कारण टेकली जातात. रात्री बाथरूमला जाताना, तोल जाताना. उत्तर "टिकणार नाही" असेल तर पुढची पायरी दुप्पट काळजीने वाचा.

पायरी ९: घर आणि साधनं, ऑपरेशनच्या आधी

हे लोक डिस्चार्जच्या दिवशी करतात आणि तिथेच सगळं बिघडतं. पाय टेकायचा नाही असं कागदावर लिहिणं सोपं आहे. १०० किलोचं शरीर एका पायावर आणि दोन हातांवर उचलून सहा आठवडे हिंडणं हे धडधाकट माणसालाही जमत नाही, मग दुखऱ्या गुडघ्याच्या आणि थकलेल्या खांद्याच्या माणसाला कुठून जमणार? त्यात पेशंटचा आळशीपणा नसतो, हा साधा ताकदीचा हिशोब आहे.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच फिजिओला बोलवा आणि ट्रायल घ्या. वॉकर धरून चांगल्या पायावर उभं राहता येतं का, एक उडी मारता येते का, खुर्चीतून हाताच्या जोरावर उठता येतं का. नाही जमलं तर काही बिघडत नाही, मग प्लॅन व्हीलचेअरचा करायचा, आणि तो प्लॅन कमी दर्जाचा अजिबात नाही. कुबड्यांवर पडून दुसरा पाय मोडण्यापेक्षा व्हीलचेअर शंभर वेळा बरी.

प्रत्येक साधनावर किलोची मर्यादा लिहिलेली असते ती वाचा. साधे वॉकर बरेचदा १३६ किलोच्या आसपासपर्यंतचे असतात, कमोडच्या खुर्च्या त्याहून कमीही असतात, गुडघा टेकवून ढकलायच्या स्कूटरचं तेच. तुमचं वजन मर्यादेच्या जवळ असेल तर हेवी ड्यूटी साधन मागा. व्हीलचेअरची सीट किती रुंद हे बसलेल्या माणसाच्या दोन्ही मांड्यांच्या बाहेरच्या कडांमधली सगळ्यात जास्त रुंदी मोजून ठरवा, आणि मग ती घरातल्या बाथरूमच्या दारातून जाते का तेही मोजा, टेपने. चालायचे बूट जाड पोटरीला बसत नाहीत, पट्टे पुरत नाहीत, वाढवायचे पट्टे मिळतात किंवा प्लास्टर घालावं लागतं, हे आधी बघून ठेवा.

पलंगाची उंची अशी हवी की बसल्यावर चांगला पाय जमिनीवर पूर्ण टेकेल. पलंगावरून खुर्चीत सरकायची गुळगुळीत फळी मिळते, ती फार उपयोगी, पेशंटला काखेत धरून उचलायचा प्रयत्न घरच्यांनी करू नये, त्यात त्यांची पाठ जाते आणि पेशंटचा खांदा. रात्रीसाठी कमोड खुर्ची पलंगाला खेटून. जिने असतील तर झोपायची सोय खाली.

पायरी १०: घरी आल्यावर रोज काय बघायचं

लठ्ठ पेशंटमध्ये जखमेचं इन्फेक्शन आणि पायात रक्ताची गुठळी या दोन्हींचा धोका जास्त असतो, म्हणून रोज दोन मिनिटं द्या. ड्रेसिंग ओलं होतंय का, वास येतोय का, लाली पसरतेय का, ताप आहे का, दुखणं कमी होत होतं ते परत वाढायला लागलंय का. टाके दोन ते तीन आठवड्यांनी काढतात, कातडी बेताची असेल तर उशिरा, घाई करू नका. प्लास्टरच्या आत बोटं बधिर होत असतील किंवा औषधाने न थांबणारं दुखत असेल तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शन किंवा गोळी देतात, वजन जास्त असेल तर डोस वाढवावा लागू शकतो, तो वजन धरून ठरवलाय का एवढं विचारा. गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा. पोटरी किंवा मांडी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखवा, आणि अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यात रक्त आलं तर ॲम्ब्युलन्स. बोटं, गुडघा, खुबा दिवसभर हलवत राहा. झोपून झोपून माकडहाडावर कातडी लाल होते, दर दोन तासांनी कूस बदला, आणि पोटाच्या, जांघेच्या घड्या कोरड्या ठेवा.

पायरी ११: पाय कधी टेकायचा

जुना नियम सहा आठवडे. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या वॅक्स नावाच्या अभ्यासात दिसलं की ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी बुटात पाय टेकायला लागलेले लोक सहा आठवडे थांबलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. एका पायावर तोल सांभाळू न शकणाऱ्या जड पेशंटला ही फार मोठी आशा आहे, म्हणून सर्जनला जरूर विचारा. पण ते सगळ्यांना लागू नाही. डायबेटिसने जाणीव गेलेली असेल तर उलट नेहमीच्या दुप्पट वेळ थांबायला सांगतात, आणि पाय न दुखता गरम, लाल, सुजलेला दिसला तर चालणं बंद करून लगेच दाखवायचं, आत हाडं ढासळत असू शकतात.

परवानगी मिळाली की एकदम पूर्ण भार नाही. बाथरूमचा वजनकाटा घ्या, त्यावर दुखरा पाय ठेवा, वॉकर धरून २० किलो म्हणजे किती ते पायाला शिकवा, मग सांगतील तसं वाढवा. उजवा घोटा असेल तर गाडीचा ब्रेक नेहमीच्या वेगाने दाबता यायला ऑपरेशननंतर साधारण नऊ आठवडे लागतात असं मोजलेलं आहे, त्याआधी गाडी नको. संध्याकाळची सूज कित्येक महिने राहते, त्याला घाबरू नका.

पायरी १२: वजनाचं, आता

हाड जुळलं, जखम भरली, की मग हा विषय काढायचा. चार-पाच पटीचा जो हिशोब वर केला तो उलटाही चालतो, पाच किलो कमी झाले तर पावलागणिक घोट्यावरचे वीस-पंचवीस किलो उतरतात, आणि पुढे सांधा झिजायचा वेग त्यावर ठरू शकतो. चालणं अजून जमत नसेल तर पाण्यातला व्यायाम, बसून हातांचा व्यायाम, स्थिर सायकल. डाएट, औषधं, बॅरिएट्रिक सर्जरी यातलं तुमच्यासाठी काय योग्य हे वजनावर काम करणाऱ्या डॉक्टरांकडे वेगळी वेळ घेऊन बोला, हाडाच्या ओपीडीतल्या तीन मिनिटांत ते होत नाही. आणि त्या भेटीला जाताना घोट्याचे शेवटचे एक्सरे आणि व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट बरोबर घेऊन जा, कारण बॅरिएट्रिक सर्जरीनंतर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी अंगी लागायचं प्रमाण कमी होतं आणि नुकतंच मोडून जुळलेलं हाड आहे हे त्यांना माहीत असायला हवं.